दोन कुलपांची पेटी

१

नळकांड्यातून कोंबडी निघाली.

खरी नव्हे, छापील. लालभडक तुरा, पिवळे पाय आणि खाली कोंबडीखाद्याची जाहिरात. सावरमाळच्या पाणीवाटप संस्थेच्या कचेरीत आम्ही चौघं त्या पोस्टरकडे बघत उभे होतो. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की ते तिथल्या तिथे टराटरा फाडावंसं वाटलं. त्या नळकांड्यात गावाच्या पाइपलाइनचा नकाशा असायला हवा होता.

गावात गॅस्ट्रोची साथ आली होती. दिवाळीचा फराळ डब्यात तसाच पडला होता आणि घरटी एक तरी माणूस आडवं झालं होतं. खालच्या आळीतल्या प्रयागबाईंची नात आरोही परवा गेली. दुसरीत होती. तिचा धाकटा भाऊ स्वराज मंचरच्या दवाखान्यात सलाइनवर होता आणि डॉक्टर काहीच कबूल करत नव्हते. पाइपात कुठून तरी घाण शिरत होती हे उघड होतं. पण लाइन टाकणारा ठेकेदार केव्हाच वारला होता, तिच्यावर देखरेख करणारा ओव्हरसियरही वारला होता. वरून घरं उठली, ऊस आला, रस्ता झाला. जमिनीखाली व्हॉल्व्हची चेंबरं कुठे आहेत, जुने फाटे कुठे फुटलेत, हे सांगणारा तो एकच कागद उरला होता.

मी नूरजहाँ इनामदार, जुन्नरची. तेव्हा, म्हणजे दोन हजार दोन साली, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कनिष्ठ अभियंता होते. साथ कळल्याबरोबर मी लाइन बंद करायला लावली. पण लाइन बंद करणं हा काही इलाज नव्हे. टँकर दिवसाआड यायचा, तोही मर्जी असली तर. माणसं कालव्यावर हंडे भरायला लागली होती, आणि कालव्याचं पाणी काय गंगाजल होतं? नमुने तपासायला पुण्याला पाठवले होते. सरकारी उत्तर सावकाश येतं, माणसं तेवढी पटापट मरतात.

"दुसरी प्रत आसंल की तुमच्या हापिसात," संस्थेचा सचिव गोरख चाचरत म्हणाला.

होती. मीच ठेवली होती. कार्यालय नव्या इमारतीत हलवताना आमच्या हुशार मंडळींनी जुन्या कपाटासकट ती रद्दीवाल्याला घातली. त्यावरून मी साहेबांशी इतकी भांडले होते की नंतर किती तरी दिवस त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही. पण भांडून कागद परत येत नाही.

दारात प्रयागबाई उभ्या होत्या. त्यांना आत या असं कुणी म्हटलं नव्हतं आणि जा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"घावला का कागद, बाई?"

"नाही, आजी."

"मंग माजा स्वराज घरी आल्याव त्यानं कुठलं पाणी प्यायचं?"

नळकांडं जिच्यातून काढलं होतं त्या पेटीकडे मी बघितलं. पेटीला दोन कुलपं होती. दोन्ही शाबूत. किल्ल्या गावातल्या अशा दोघांकडे, जे एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नाहीत. दोघांनी आत्ताच, एकमेकांकडे पाठ करून, आपापलं कुलूप उघडलं होतं. आणि आतला नकाशा मात्र गेला होता.

२

ही पेटी माझ्याच डोक्यातून निघालेली. काही वर्षांपूर्वी वरून परिपत्रक आलं होतं, की प्रत्येक संस्थेने आपले अत्यावश्यक दस्तऐवज कोणते ते ठरवावं आणि आपत्तीत ते वाचतील अशी सोय करावी. असली परिपत्रकं खिळ्याला टोचून ठेवायची आमच्याकडे रीत आहे. मला मात्र ते पटलं. सावरमाळला येऊन मी सभेत विचारलं, "उद्या कचेरीला आग लागली तर आधी काय उचलाल?" एक जण म्हणाला, टेबलावरचा पंखा. दुसरा म्हणाला, मंत्र्यांबरोबर अध्यक्षांचा फोटो आहे तो. बरीच डोकेफोड केल्यावर मंडळींना पटलं की बाकी सगळं पुन्हा लिहिता येईल, जमिनीखालची लाइन पुन्हा कुणी उकरून मोजणार नाही. नकाशा गेला तर गाव आंधळं होईल.

मग पत्र्याची पेटी आली, तिला लाल रंग लागला. आता किल्ली कुणाकडे? अध्यक्ष हौशीराम वरच्या आळीचे, रखमाजी खालच्या आळीचे. दोन आळ्यांचं वैर इतकं जुनं की मूळ कारण आता कुणालाच आठवत नाही. एकाला किल्ली दिली तर दुसरा कोर्टात जाणार. म्हणून दोन कुलपं. दोघं हजर असतील किंवा दोघांच्या किल्ल्या येतील तेव्हाच पेटी उघडायची. मला तेव्हा ही तोड फार शहाणपणाची वाटली होती.

मी आधी हौशीरामांकडे गेले. ते गावाच्या वरच्या अंगाला त्यांच्या नव्या गोठ्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. गोठा कसला, लग्नाचं कार्यालय वाटावं असा. सिमेंटचा कोबा, पत्र्याचं छप्पर, रांगेनं म्हशी. म्हशी धुवायचा काळा पाइप शेणाच्या खड्ड्यात लोळत होता.

"मॅडम, मी सांगतो तुमाला," हौशीराम म्हणाले. "पोष्टर कशाचं? कोंबड्यांचं. गावात पोल्ट्री कुणाची? रखमाजीची. आता म्होरलं मी बोलायला पायजे का?"

"तुमच्या किल्लीशिवाय पेटी उघडत नाही."

"डुप्लिकेट केली आसंल. मंचरला बाजारात चावीवाले बसत्यात."

"खंडेनवमीच्या पूजेला पेटी उघडली होती ना? तेव्हा नकाशा आत होता?"

"मला काय म्हाईत? मला चुलत्याचं सुतक व्हतं. किल्ली गोरखकडं धाडली. सुतक फिटंस्तवर कचेरीची पायरी चढलो न्हाई, साऱ्या गावाला इचारा." त्यांनी सुनेला हाक मारून चहा मागवला. "आन् मॅडम, नकाशा घावला तरी करता काय त्याचं? वरल्या अंगाचा कोपरा पार तेलकट झालाय. रेघ वाचायची न्हाई. त्यापरीस टँकरचं बघा. मी सायबांना फोन करतो, तुमचं बी नाव कानाव घालतो."

एक पोर मातीआड झाली होती आणि हा माणूस माझं नाव साहेबांच्या कानावर घालणार होता! त्यांची सून तेजस्विनी चहा घेऊन आली तेव्हा मी उठलेच होते. कप तिच्या हातात तसाच राहिला. तिला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं, पण सासऱ्यांकडे बघून ती आत गेली.

फाटकापाशी गोरख पळत आला.

"म्याडम, चला बिगीबिगी! लोकं रखमाजीच्या पोल्ट्रीव गेल्यात. रॉकेलचा कॅन हाय संगट!"

३

वीस-पंचवीस माणसं होती. त्यातल्या निम्म्यांची पोरं आजारी, म्हणून त्यांचा राग खोटा नव्हता. पण खऱ्या रागाला खोटं नाव पुरवणारा कुणीतरी असतो, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. पोस्टरची बातमी कचेरीतून इथवर पोचायला वेळ लागला नव्हता. रखमाजी शेडच्या दारात हात पसरून उभे होते.

मी गर्दीत घुसले. "पेटवा," मी ओरडले. "थांबलात कशाला? नकाशा आत असला तर तोही जळेल. मग बसा बोटानं चेंबर शोधत!"

कॅनवाला थबकला. माझ्या मागून प्रयागबाई आल्या होत्या, त्या इतकंच म्हणाल्या, "रॉकेल खाली ठिव रं." त्याने ठेवलं. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

गर्दी पांगली, तशी मी रखमाजींना आत घेऊन गेले. कोंबड्यांचा कलकलाट होता, पण निम्मे खुराडे रिकामे दिसत होते.

"मी काय खुळाय का म्याडम?" रखमाजी म्हणाले. "चोरी करायची आन् माजंच पोष्टर ठिवायचं? मला त्या नकाशाचं करायचंय काय? माजी पोल्ट्री लायनीच्या खालच्या टोकाला. माज्या कोंबड्या तेच पाणी पित्यात. बगा की, किती मेल्या."

"खंडेनवमीला तुम्ही नकाशा बघितला?"

"बगितला म्हंजी? मीच पूजा केली. हौशीरामाला सुतक व्हतं न्हवं, मग मान माज्याकडं आला. चौरंगाव पसरला, चार कोपऱ्याव चार सुपाऱ्या ठिवल्या, हळद-कुकू वाह्यलं."

"कसा होता? फाटका, डागाळलेला?"

"आवो, लख्ख व्हता. कुकवाबिगर एक ठिपका न्हाई. अंधार पडायच्या आत पूजा उरकून आमी समदी आपापल्या घरी."

मी पोस्टर बरोबर आणलं होतं. खाद्याच्या पोत्यावर ते पुन्हा उलगडलं. कोंबडी बघून बघून माझं डोकं उठलं होतं, म्हणून या वेळी ते पालथं केलं. मागच्या बाजूला चारही कोपऱ्यांत वाळलेली खळ होती. खळीला चुन्याचे पापुद्रे चिकटले होते. फिकट निळे.

मी वर बघितलं. रखमाजींच्या शेडला चुना नव्हताच, नुसत्या विटा होत्या. त्यांची स्वतःची पोस्टरं तारेला चिमट्यांनी टांगलेली होती.

"रखमाजी, गावात निळी भिंत कुठे आहे?"

"आवो, सकाळपासनं तिच्या म्होरंच न्हवं का उबं व्हता तुमी?"

४

कचेरीच्या दाराआड भिंतीचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. चारी कोपऱ्यांत चुना उखडलेला. पोस्टर धरून बघितलं, तर मापात बसलं.

"आयला!" गोरखने कपाळाला हात लावला. "हितलंच की हे. कुणा एजंटानं चिकटवल्यालं. दिवाळीची झाडलोट करताना बगितलं तर न्हाई. म्हटलं, गळून पडलं आसंल."

म्हणजे चोराने पोस्टर घरून आणलं नव्हतं. तो इथे आला, नकाशा घेतला, नळकांडं रिकामं वाजेल म्हणून आजूबाजूला बघितलं आणि हाताला लागेल तो मोठा कागद भिंतीवरून ओरबाडून आत सारला. भिंतीवरचा कागद काढायला वेळ लागतो. तेवढा वेळ पेटी उघडी होती आणि त्याला बघायला कुणी नव्हतं. दोन कुलपांच्या पेटीजवळ हा निवांतपणा आला कुठून?

"गोरख, खंडेनवमीला पूजा मांडली. मग सामान परत पेटीत कधी ठेवलं?"

"दसऱ्याला सकाळी. मांडल्याली पूजा रातीत हलवत न्हाईत म्याडम. पान्हे, वह्या, नकाशा, समदं रातभर चौरंगावच आसतं."

"मग त्या रात्री पेटीला कुलपं?"

गोरख माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "पूजा मांडल्याव कुलूप कोण लावतं? तितं कोण हात लावंल?"

"आणि कचेरीची किल्ली?"

"वळचणीला. कायमची."

मी डोक्याला हात लावून बाकावर बसले. वर्षभर दोन कुलपं! एकमेकांवर विश्वास नाही म्हणून! आणि वर्षातून एका रात्री तीच पेटी सताड उघडी, राखणीला चिमूटभर हळद-कुंकू. बरं, ही रात्र कुणाच्या हिशेबातच नव्हती. तिघांनाही मी सकाळी विचारलं होतं, आणि तिघांनी शपथेवर सांगितलं होतं की दोन किल्ल्यांशिवाय पेटी कधी उघडी राहत नाही. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पूजा म्हणजे पेटी उघडी असणं, असं त्यांना वाटतच नव्हतं.

"दसऱ्याला सकाळी आधी कोण आलं?"

"मी. नकाशा नळकांड्यात घालून ठिवल्याला. म्हटलं, पूजा रखमाजीची, तोच येऊन आवरून गेला आसंल."

"मला वाटलं गोरखनं आवरलं," रखमाजी दारातून म्हणाले. "मंग कुलूप लावून गेलो."

"उघडून नाही बघितलं?"

माझा संताप आता पुरता उकळला होता, पण तो यांच्यावर काढून उपयोग नव्हता.

"आणखी काही वेगळं दिसलं का रे तेव्हा?"

गोरखने आठवून बघितलं. "तसं काय न्हाई. समई तेवढी कलंडली व्हती. चौरंग, फरशी, समदं तेलानं माखल्यालं. मांजराचं काम म्हनून पुसून घेतलं."

"सांगितलंस कुणाला?"

"दसऱ्याच्या दिशी समई कलंडली म्हनून कुणाला सांगू? लोकांनी अपशकून धरला आसता. आजच बोलतोय तुमाला."

मी ताडकन उठले. "रखमाजी, चला. गोरख, पहार घे बरोबर. आपण अध्यक्षांकडे जाऊ."

५

आमच्या मागे निम्मं गाव आलं. सगळ्यांच्या पुढे प्रयागबाई. हौशीराम घराच्या ओट्यावर उभे राहिले, चेहरा अध्यक्षाचा केलेला.

"घावला का चोर?" त्यांनी विचारलं.

"सापडला. तुम्हीच सांगितलंत मला."

"मी?"

"खंडेनवमीला संध्याकाळी नकाशावर कुंकवाशिवाय डाग नव्हता, हे रखमाजींनी हातानं पूजा करून बघितलंय. सकाळी गोरख आला तेव्हा नकाशा नळकांड्यात गेलेला. समई रात्री कलंडली. म्हणजे नकाशावर तेल सांडलेलं बघणारा माणूस गावात एकच असू शकतो, त्या रात्री तिथे हात घालणारा. आणि तुम्ही सुतकात होतात, कचेरीची पायरी चढला नव्हता. मग वरच्या अंगाचा कोपरा तेलकट झालाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

हौशीरामांची नजर गोरखकडे गेली.

"मी न्हाई बोललो," गोरख म्हणाला. "मला तर म्हाईतबी नव्हतं. मी निसती फरशी पुसली."

"दिवाळीनंतर लाइनवरची सगळी चेंबरं उघडून तपासणार, असं पत्र मी दसऱ्याआधी पाठवलं होतं," मी म्हणाले. "वरच्या अंगाला नवं बांधकाम तुमच्या गोठ्याचंच, म्हणजे तो एका चेंबरवर बांधलाय. त्यातून तुम्ही म्हशींसाठी फाटा घेतलाय. नकाशा असता तर मी सरळ तुमच्या कोब्यावर येऊन उभी राहिले असते. म्हणून तो जायला हवा होता."

"फाटा घेतला म्हणून कुणी मरत न्हाई!" ते ओरडले. म्हणजे फाटा घेतला होता.

"मरतं. लोडशेडिंगला पंप बंद पडला की खालची घरं लाइनीतलं पाणी काढून घेतात. वर पाइपात पोकळी होते, मग पाइप जिथून मिळेल तिथून ओढतो. तुमचा काळा पाइप शेणाच्या खड्ड्यात लोळत असतो. मी सकाळी बघितलाय. तो खड्डा ओढत होता, आणि तेच पाणी खाली आरोहीच्या घरी जात होतं."

प्रयागबाई एक पाऊल पुढे आल्या. हौशीरामांनी मात्र स्वतःला सावरलं. अशी माणसं फार लवकर सावरतात.

"पुरावा दाखवा," ते म्हणाले. "नकाशा कुठाय? कागद न्हाई तर तुमचं बी तोंडच आन् माजं बी तोंडच. माज्या कोब्याला पहार लागली तर एकेकाला कोर्टात खेचीन. आन् तुमची बदली गडचिरोलीला, मॅडम."

"ह्यानं जाळला आसंल," रखमाजी कडवट हसले. "सपलं."

"नाही," मी म्हणाले. "जाळलेला नाही."

६

हौशीरामांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या एका नजरेत मला माझी खात्री मिळाली.

"यांनी सुतकात मांडलेली पूजा हलवली," मी गावाकडे तोंड करून सांगितलं. "वर हातून समई कलंडली. यांची तिथेच पाचावर धारण बसली असणार. अशा माणसाच्या हातात कुंकू लागलेला कागद आहे. तो चुलीत घालेल? पायदळी पडेल असा उकिरड्यावर टाकेल? माझे अब्बा अल्लाचं नाव लिहिलेला चिटोरासुद्धा जमिनीवर पडू द्यायचे नाहीत. ही भीती मला शिकवायला नको. वर्षानुवर्षं पूजलेला कागद ठेवायला घरात एकच जागा असते. सुतक फिटल्यावर यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला."

"माज्या देव्हाऱ्याला हात लावायचा न्हाई!" हौशीराम दारात आडवे झाले.

"मी लावणार नाही. पोलीस येतील तेव्हा बघू."

पण पोलिसांची वाट बघावी लागली नाही. तेजस्विनी आतून आली. तिच्या हातात लाल फडक्यात गुंडाळलेली सुरळी होती. सासऱ्यांच्या बगलेतून तिने ती माझ्या हातात दिली.

"देवाच्या टाकांच्या मागं व्हता," ती म्हणाली. "मामंजी म्हनले, नवसाचा कागद हाय, कुणी शिवू नका. आन् साथ आल्याव म्हनले, आपल्या पोरांना बोअरचंच पाणी द्या, नळाचं नगं. मी इचारलं का, तर माज्याव डाफरले. मला तवाच बोलायला पायजे व्हतं."

म्हणजे साथ आल्यावर त्यांना कळलं होतं. आपल्या नातवंडांपुरतं कळलं होतं. मी आयुष्यात बऱ्याच माणसांवर संतापलेय, पण त्या माणसाइतकी कुणावरच नाही.

नकाशा उन्हात धरला. तेलाने तो कोपरा पारदर्शक झाला होता, म्हणून उजेडात उलट रेघन्‌रेघ दिसली. चेंबर गोठ्याच्या बरोबर मधोमध होतं, तिसऱ्या म्हशीच्या दावणीखाली. रखमाजींनी पहिली पहार घातली. वरच्या आळीतल्या दोन पोरांनी त्यांच्या हातून पहार घेतली आणि कोबा फोडला. खाली चेंबर निघालं, फाटा निघाला, आणि खड्ड्यापर्यंत गेलेला तो काळा पाइपही. मी व्हॉल्व्ह बंद करून फाटा माझ्यासमोर तोडायला लावला.

लाइन धुऊन, औषध टाकून, पाणी पुन्हा सुरू झालं. स्वराज वाचला. केस झाली, तारखा पडत राहिल्या, आणि त्या तारखांबद्दल मला विचारू नका, माझं टाळकं सरकतं. अध्यक्षांच्या साहेबांनी माझी बदलीही केली, गडचिरोलीला नाही, पण केली. पेटीचं गावाने काय केलं ते मला पुढे कळलं नाही.

पण मला आठवत राहते ती दुपार. कोबा फुटला होता, माणसं चेंबरभोवती गोळा झाली होती, आणि हौशीराम ओट्याच्या पायरीवर एकटे बसले होते. प्रयागबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मारायला आल्या असं समजून त्यांनी हात वर केला.

"आक्का, मुद्दाम न्हाई केलं," ते म्हणाले. "पायपातनं उलटं जातं हे मला ठावं नव्हतं. आन् कळल्याव... कळल्याव भ्यालो गं. पर नकाशा मी जाळला न्हाई. चूल पेटल्याली व्हती, हात म्होरं झाला न्हाई. कुकू लागलेला कागद. लई मोठं पाप लागलं आसतं."

प्रयागबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत.

"मंग माज्या आरूला बी कुकू लावून ठिवायला पायजे व्हतं का रं, हौशीराम?" त्यांनी विचारलं. "तवा तुजा हात भ्याला आसता?"